चार सडांचा मॅनिफोल्ड

माझ्या गाडीचा मॅनिफोल्ड फुटला त्या दिवशी मी अगदी शांत होतो, कारण मॅनिफोल्ड म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. जे ठाऊकच नाही त्याचा माणसाला धक्का बसत नाही. पुढे मला त्याबद्दल इतकं ठाऊक झालं, की माझ्या चेहऱ्यावर कायमचं आश्चर्य बसलं. बँकेत खातेदार मला बघून विचारू लागले, "साहेब, काय झालं?" काही झालेलं नसे. तो माझा चेहराच होता.

गाडी बावड्याच्या रस्त्यावर फुस्स करून बसली आणि मी ती ढकलत, म्हणजे लोकांकडून ढकलवत, उद्यमनगरात अमरसिंहच्या गॅरेजवर नेली. अमरसिंह हा गाड्यांच्या बाबतीत कधीही न कचरणारा माणूस. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि तिथूनच सांगितलं,

"साहेब, मॅनिफोल्ड गेलाय तुमचा."

"कुठं गेला?"

त्याने डोकं बाहेर काढून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "फुटलाय हो."

मग त्याने समजावून दिलं. टर्बो गाडीत हवा दाबून पाठवली जाते. ती दाबलेली हवा चार सिलिंडरना सारखी वाटून देणारं एक भांडं असतं. एक पोट आणि त्याला चार नळ्या. माझ्या गाडीत ते भांडं प्लास्टिकचं होतं, आणि त्याला पोटावरच उभी चीर गेली होती. नवं मिळणार नव्हतं. कंपनीला फोन केला तर एका अतिशय गोड मुलीने सांगितलं, की हा सुटा भाग अस्तित्वात आहे, पण उपलब्ध नाही. देवाबद्दलही इतकं नेमकं उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही.

एरवी मी गाडी तशीच झाकून ठेवली असती. पण संयोगिताचं लग्न तोंडावर आलं होतं.

संयोगिता ही माझी पुतणी, थोरल्या बंधूंची, बाळासोदादांची एकुलती एक लेक. दादांचा उचगावात म्हशींचा गोठा आहे. तिने घरात जाहीर केलं होतं, की सासरी जाईन तर काकाच्याच गाडीतून. त्याला कारण होतं. ती गाडी चालवायला शिकली ती माझ्या गाडीवर, आणि शिकताना शेजारी बसून तिच्यावर कधीही न ओरडलेला सगळ्या घराण्यातला मी एकटा पुरुष. खरं सांगायचं तर भीतीने माझा आवाजच बसलेला असे. पण तिच्या लेखी मी धीराचा माणूस ठरलो. आईवडिलांनी माझं नाव धैर्यशील ठेवलं, त्याचा आयुष्यात झालेला उपयोग तो एवढाच.

दादांनी मला बोलावून घेतलं. दादा धिप्पाड गडी. ते हळू बोलले तरी गोठ्यातल्या म्हशी कान टवकारतात.

"धैर्या, पोरगीनं जन्मात एकच हट्ट केलाय. गाडी फुलांनी मी मढवतो. तू फकस्त ती चालती ठेव. जमत नसंल तर आत्ता सांग, म्हंजे मी मोठी पांढरी गाडी बोलावतो."

त्या क्षणी "नाही जमत" हे दोन शब्द बोलायला काय हरकत होती? काहीही नव्हती. पण समोर संयोगिता चहाचा कप घेऊन उभी होती.

"जमतंय की," मी म्हणालो.

घरी आल्यावर ही वार्ता सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही, कारण आमच्या शेजारी तात्यासो राहतात. तात्यासोंचं शेतीपंपांचं दुकान आता त्यांचा मुलगा बघतो आणि तात्यासो आम्हाला बघतात. ते गॅलरीतूनच म्हणाले,

"धैर्यशीलराव, कोल्हापुरात काय तयार हुईत न्हाय सांगा मला. पंप हुतोय, गुऱ्हाळाची चरकी हुतीया, अख्खी इंजिनं ओतून भाईर जात्यात. आन् हवेचं एक भांडं हुईना व्हय? करून घ्या की हितंच!"

हे वाक्य माझ्या सर्वनाशाचं मूळ. अमरसिंहला ते कळवलं तर तो आनंदाने टेबलावरून उठलाच. "हेच म्हणणार होतो साहेब! प्लास्टिक सोडा. अल्युमिनियमचं करू. खास. जगात एकच पीस. पोट जरा मोठं ठेवू, गाडी अशी पळंल की तुम्हीच मागं ऱ्हाशीला."

मी मागे राहण्याची सुरुवात दुसऱ्याच दिवशी झाली. गाडी नसल्यामुळे मी बँकेत पूर्णिमाच्या स्कूटरवरून जाऊ लागलो. पूर्णिमा म्हणजे माझी बायको. ती एका शाळेत शिकवते, आणि स्कूटरही शाळा भरवल्यासारखी चालवते. मी मागे, मांडीवर डबा. चौकात सिग्नलला माझ्या शाखेतला शिपाई शेजारी येऊन थांबला. त्याने आधी मॅडमना नमस्कार केला, मग डब्याला, आणि मग मला.

सोसायटीच्या ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. एकाने लिहिलं, की फुटलेल्या जागी प्लंबरचा पाइप जोडा. दुसऱ्याने लिहिलं, की गाडीचं तोंड दक्षिणेला लावल्यामुळे असं होतं. तिसऱ्याने हात जोडलेलं चित्र टाकलं. त्याला बहुधा कुणीतरी गेलं असंच वाटलं असावं. त्याच्याखाली चार जणांनी "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं, आणि संध्याकाळी एक गृहस्थ खरंच भेटायला आले. मी सगळं समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "तरीपण वाईटच झालं," आणि चहा घेऊन गेले.

अमरसिंहने माझ्यावर एक काम सोपवलं होतं. इंजिनाला जिथे मॅनिफोल्ड बसतो तिथला ठसा, म्हणजे भोकं कुठे, बोल्ट कुठे, ते जाड पुठ्ठ्यावर उतरवून द्यायचं. "साहेब, तुमचं अक्षर चांगलं हाय, रेघ सरळ येती," असं म्हणून त्याने मला चढवलं. लग्नघर असल्यामुळे जाड पुठ्ठा घरात एकच होता, पत्रिकांच्या खोक्याचं झाकण. त्याच्या कोऱ्या बाजूवर मी अतिशय सुबक आकृती काढली. पेन्सिल, पट्टी, कंपास, आणि ब्लेडने आरपार कापलेली भोकं. इतकी सुबक, की मी तिच्यावर सही केली.

काही दिवसांनी अमरसिंहचा फोन आला. आवाज बारीक होता. अमरसिंहचा आवाज बारीक होतो हे मला माहीतच नव्हतं, त्यामुळे मी रिक्षा करून धावलो.

बाकावर मॅनिफोल्ड ठेवला होता. चकचकीत, गुबगुबीत, चार नळ्यांचा. मला तर तो बघून भरून आलं.

"छान झालाय की रे!"

"छानच झालाय," अमरसिंह म्हणाला. "भोकंबी जुळत्यात. फक्त त्याचं पोट भाईर यायच्या जागी इंजिनात चाललंय."

मला कळेना. त्याने तो इंजिनाला लावून दाखवला. सरळ लावला तर एकही भोक जुळत नव्हतं. उलटा केला तर सगळी भोकं जुळत होती, पण मग चारही नळ्या आणि ते गुबगुबीत पोट इंजिनाच्या आत घुसायला हवं होतं. आरशातला मॅनिफोल्ड तयार झाला होता. माझी आकृती पालथी पडली होती.

"अरे पण मी आकृती एका बाजूला काढून दिली होती! सहीसुद्धा होती!"

"व्हय साहेब. आन् दुसऱ्या बाजूला गणपती हुता."

मी पुठ्ठा उलटून बघितला.

"आता मला सांगा," अमरसिंहचा आवाज हळूहळू मूळ पदावर येऊ लागला, "मशीनवर गणपती पालथा घालू व्हय मी? वरसभर धंदा बसंल माझा. मी देव वर ठेवला आन् भोकं पाडून घेतली. भोकं काय, दोन्हीकडनं सारखीच दिसत्यात."

देवाला दोष देता येत नाही आणि अमरसिंहला दिलेला लागत नाही. घरी आल्यावर पूर्णिमाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "चपलांचा खोका दिसला न्हाई तुम्हाला?"

दुसरा मॅनिफोल्ड करायला टाकला. या मधल्या काळात मी स्वस्थ बसायला हवं होतं. पण मी बँकेतला माणूस. माझ्या मनात आलं, की गाडीत असा बदल करायला सरकारची परवानगी लागत असेल तर? ऐन लग्नात नवरीची गाडी अडवली तर? म्हणून मी रजा टाकून गाड्यांच्या सरकारी कचेरीत गेलो.

पहिल्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "रंग बदललाय?"

"नाही. हवेचं भांडं बदलतोय."

"एसी व्हय?"

"नाही हो, इंजिनाला जाणारी हवा."

"हवा भाईर भरत्यात. गेटच्या डाव्या हाताला टपरी हाय."

मला आतल्या साहेबांकडे पाठवण्यात आलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "जुनं फुटलं, तसंच नवं घालताय. यात काय विचारायचं?"

मला खोटं बोलवेना. "अगदी तसंच नाही साहेब. पोट जरा मोठं आहे."

"कुणाचं?"

"मॅनिफोल्डचं."

साहेबांनी शर्ट खाली ओढला आणि खुर्चीत ताठ बसले. "तुम्ही बँकेत हाय काय?"

"हो. कसं ओळखलंत?"

"विचारायला आलायसा म्हणून." मग त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली. "ओ, हिकडं या. ह्यांस्नी बघा. गाडीत बदल करायच्या आदी विचारायला आल्यात." तो माणूस आला. आणखी दोघे आले. मला सगळ्यांनी नीट बघितलं. एकाने माझं गावही विचारलं. मी इथलाच म्हटल्यावर त्याचा विश्वास बसला नाही.

शेवटी माझ्या समाधानासाठी त्यांनी एक अर्ज लिहून घेतला आणि फोटो जोडायला सांगितला. मी खिशातून माझा पासपोर्ट फोटो काढला. "तुमचा न्हवं," साहेब म्हणाले, "त्या भांड्याचा." म्हणून मी तो उलटा मॅनिफोल्ड पिशवीत घालून शिवाजी पेठेतल्या एका फोटो स्टुडिओत गेलो, कारण सुलटा अजून जन्मायचा होता. फोटोवाल्याने त्याला स्टुलावर बसवलं, मागे निळा पडदा सोडला आणि सवयीने म्हणाला, "हनुवटी जरा वर." माझ्या मागे नंबर लावून बसलेल्या बाईने आपल्या मुलाला जवळ ओढलं.

अर्जावर पोच मिळाली. निर्णय अद्याप यायचा आहे.

दुसरा मॅनिफोल्ड सुलटा झाला. अमरसिंहने या वेळी पुठ्ठा घेतलाच नाही, इंजिनावरूनच मापं घेतली आणि ठसाही स्वतःच काढला. आता हवा कुठून गळते का ते बघायचं होतं. दाबून हवा भरायची आणि पाण्यात बुडवायचं, सायकलच्या ट्यूबसारखं. पण एवढं मोठं भांडं बुडवायला पाणी कुठे? दादांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या हौदात या की."

आम्ही उचगावला गेलो तेव्हा दादा धार काढत होते. हौद म्हशींच्या अगदी पुढ्यात. दादांनी काम थांबवून तो मॅनिफोल्ड हातात घेतला, उलटसुलट केला, एकेक नळी अंगठ्याने दाबून बघितली आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली.

"आरं, ही तर कास हाय! चार सड. आन् ह्यासाठी तू एवढा महिनाभर नाचालाईस व्हय?"

संयोगिता हसून हसून खाली बसली. मला राग आला, पण दादांचं म्हणणं तंतोतंत होतं. अमरसिंहने चार नळ्यांना लाकडी बुचं ठोकली, पोटाच्या तोंडाला हवेचा पाइप जोडला आणि मॅनिफोल्ड पाण्यात धरला. दादा पुन्हा म्हशीखाली बसले. मी जरा लांब उभा राहिलो. इथे माझ्या स्वभावाचा मला पहिल्यांदाच फायदा झाला.

"सोडा हवा!" अमरसिंह पंपावरच्या पोरांना ओरडला.

पुढचं सगळं एका दमात झालं. एक बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटलं आणि दुधाच्या किटलीवर आदळलं. किटलीचा असा ठणठणाट झाला की देवळात कुणी घंटा बडवावी. म्हशीने लाथ मारली. दादा उठायला गेले, मागे सरले, हौदाच्या कठड्याला त्यांचे गुडघे लागले, आणि एवढा धिप्पाड माणूस नवरीचा बाप असताना आमच्या डोळ्यांदेखत हौदात बसला. पाणी चहूबाजूंनी बाहेर आलं.

अमरसिंह मॅनिफोल्ड पाण्यात धरून तसाच थिजला. म्हैससुद्धा थिजली. मला वाटलं, आता हे लग्न मी काही बघत नाही.

दादा गळ्यापर्यंत पाण्यात होते. त्यांनी हाताने मिशीवरचं पाणी निपटलं, समोर पाण्यात धरलेल्या मॅनिफोल्डकडे बघितलं आणि अगदी सावकाश म्हणाले, "हितनं बुडबुडं येत्यात."

अमरसिंहने ती जागा खडूने खुणावून घेतली. त्या सांजेला गोठ्यातल्या एकाही म्हशीने दूध दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही हात लावू दिला नाही. लग्नघर, पाहुणे आलेले, आणि दूधवाल्याच्या घरी चहाला पिशवीचं दूध. दादा माझ्याशी बोलायचे बंद झाले. काही सांगायचं असेल तर ते पूर्णिमाला फोन करत आणि शेवटी म्हणत, "त्यालाबी सांग."

खुणावलेली जागा जोडून घेऊन अमरसिंहने मॅनिफोल्ड गाडीत बसवला. गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली. मी आनंदाने त्याला मिठी मारली, माझा शर्ट काळा झाला, आणि मी गाडी घेऊन बावड्याच्या दिशेने निघालो. रस्ता मोकळा दिसला म्हणून पाय जरा दाबला.

आणि बावड्याच्या साखर कारखान्याचा भोंगा वाजला.

मी घड्याळाकडे बघितलं. या वेळी भोंगा? पाय काढला, भोंगा थांबला. पाय दाबला, भोंगा वाजला. माझ्या अंगावर काटा आला. भोंगा कारखान्याचा नव्हता. तो माझ्या पुढ्यात, बॉनेटच्या खाली होता.

सुरुवातीला बारीक, मग चढत चढत जाणारा, आणि वर गेल्यावर लांबच लांब राहणारा. हुबेहूब. रस्त्याकडेच्या शेतात बायकांनी खुरपी ठेवली आणि डबे सोडायला घेतले. सायकलवरून कामाला निघालेला एक माणूस उशीर झाला समजून उभा राहून पॅडल मारू लागला. मी जितका घाबरून पळ काढायला बघे तितकी गाडी जास्त ओरडे.

घरी पोचून गाडी लावतोय तोच रत्नाबाई खाली आल्या. रत्नाबाई म्हणजे तात्यासोंच्या पत्नी. त्या रागावल्या नव्हत्या, नुसत्या हतबल झाल्या होत्या.

"धैर्यशीलभाऊ, हे काय ओ चालवलंयसा? आमचं हे भोंग्यावर गोळी घेत्यात."

"कसली गोळी?"

"पोट साफ व्हायची. आज भोंगा किती वेळा झाला तुम्हीच सांगा."

मी मनातल्या मनात आठवायला लागलो आणि मध्येच सोडून दिलं. पुढचे दोन दिवस तात्यासो गॅलरीत दिसले नाहीत आणि सोसायटीत कुणालाही कसलाही सल्ला मिळाला नाही.

अमरसिंहने गाडीभोवती कान लावून फेऱ्या मारल्या. साबणाचं पाणी लावलं, कुठे बुडबुडा नाही. शेवटी म्हणाला, "साहेब, ही शिट्टी न्हवं, ताकद हाय ताकद. उगड्या नळीवर फुंकर घातल्यावाणी वाजतंय. खोलून बघायला टाइम लागंल." टाइम कुठला? उद्या लग्न. "तवर एक करा. पाय हलका ठेवा. सावकाश गेलासा तर मांजरागत जाती."

सावकाश जाणं हा माझा आयुष्यभराचा धंदा. मी निर्धास्त झालो.

लग्न झालं. जेवणं झाली. गाडी झेंडूने आणि निशिगंधाने अशी मढवली होती की मला माझंच दार सापडेना. मग ती वेळ आली. संयोगिता नवऱ्यासोबत बाहेर आली आणि अंगणातली हवाच बदलली. अंबूबाई, आमच्या थोरल्या आत्या, पुढे सरसावल्या. आमच्या घराण्यात कुठलीही लेक अंबूआत्याच्या गळ्यात पडल्याशिवाय सासरी गेलेली नाही. आत्या नुसता "माझ्या बाई गं" एवढा सूर लावतात आणि वऱ्हाडातले आचारीसुद्धा डोळे पुसतात.

वहिनी रडण्याच्या बेतात आल्या. पूर्णिमाही. संयोगिताचा चेहरा आवळला होता. दादा एका खांबाला धरून उभे होते. हातात नवा रुमाल, घडी न मोडलेला. ते कुणाकडेच बघत नव्हते. मी मात्र त्यांच्याकडे बघितलं आणि पटकन नजर काढली.

संयोगिता मागे बसली. शेजारी नवरा, यशराज, गरीब स्वभावाचा मुलगा. अंबूआत्यांनी खिडकीतून आत हात घातले, मोठा श्वास घेतला. मी अगदी हलक्या पायाने गाडी सोडली.

गाडी हलेना. मंगल कार्यालयाच्या दारात मांडववाल्यांनी वाळू टाकली होती, आणि पुढचं चाक त्यात रुतलं होतं. मी पाय किंचित दाबला. चाक फिरलं, वाळू उडाली, गाडी तिथेच. मागून कुणीतरी ओरडलं, "रेस द्या की पावणं!" सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. आत्यांचा हुंदका अगदी ओठांवर. मी पाय दाबला.

भोंगा झाला.

असा झाला, की मांडवाच्या झालरी हलल्या. आत्यांनी हात एकदम बाहेर ओढले. बँडवाल्यांनी आपलंच काही चुकलं असं समजून घाईघाईने वाजवायला सुरुवात केली. वऱ्हाडात बावड्याचे बरेच पाहुणे होते. त्यांच्यातला एक म्हातारा खुर्चीवर पेंगत होता, तो ताडकन उठला आणि मोठ्याने म्हणाला, "सुटली पाळी! चला रं!"

मग माझ्या मागून एक आवाज आला. मला वाटलं, पोरगी रडली. आरशात बघितलं, तर संयोगिता हसत होती. हौदाच्या दिवशी हसली होती तशीच, पोट धरून, नथ सावरत. यशराज भेदरून तिच्याकडे बघत होता. तिचं बघून वहिनी हसल्या, मग पूर्णिमा, मग सगळं अंगण. गाडी एकदाची वाळूतून उसळली आणि आम्ही भोंगा वाजवतच रस्त्याला लागलो. मागे वळून बघायचं धाडस मला झालं नाही. आरशात दिसलं ते एवढंच, की दादा खांबापाशी तसेच उभे होते, रुमाल तसाच घडीचा.

आमच्या घराण्यातली ही पहिली पाठवणी, जिच्यात कुणी रडलं नाही. याचे परिणाम मला ताबडतोब भोगावे लागले. अंबूआत्यांनी परतल्यावर मला समोर बसवलं. "धैर्या, माझा हुंदका घशातच ऱ्हायला. आता दुकतंय हितं." त्यांनी जागाही दाखवली. एका चुलत्यांनी हा अपशकुन असल्याचं सांगितलं. दुसऱ्याने गाडीचं काय घेणार ते विचारलं. दादा काहीच बोलले नाहीत. पूर्णिमालासुद्धा "त्यालाबी सांग" म्हणाले नाहीत.

मी ठरवलं, गाडी उद्याच अमरसिंहकडे टाकायची आणि तो मॅनिफोल्ड पुन्हा डोळ्यांसमोर आणायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाडीवरची झेंडूची फुलं काढत होतो. सोसायटी जेवून झोपलेली. गेटातून मोटरसायकल आत आली. दादा. दादा माझ्याकडे कधी एकटे येत नाहीत, आणि हात हलवत तर नाहीतच. आज किटली नव्हती. मी फुलं टाकून उभा राहिलो. आता मला काय काय ऐकून घ्यावं लागणार, त्याची मनातल्या मनात तयारी केली.

"दादा, मी खरंच सांगतो, ती वाळू..."

त्यांनी पुढचं दार उघडलं आणि ते डाव्या सीटवर जाऊन बसले. गाडी एका बाजूला कलली.

"बस," ते म्हणाले.

मी बसलो.

"चालू कर."

"दादा, आता तात्यासो..."

"चालू कर म्हणतो न्हवं मी."

मी चालू केली. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. "पोरगीचा सकाळी फोन आला हुता," ते म्हणाले. "बरी हाय. घर चांगलं हाय म्हणाली. हसत हुती." मग त्यांनी बॉनेटकडे बोट केलं. "दाब जरा."

मी पाय दाबला. बॉनेटखालून तो आवाज उठला, चढत गेला, भिंतींवर आपटून सगळ्या सोसायटीभर झाला. कुठेतरी एक खिडकी उघडली. मी ओशाळून दादांकडे बघितलं आणि आयुष्यात बसला नव्हता असा धक्का मला बसला.

दादांचे खांदे गदगदत होते. तोंड उघडं, डोळे मिटलेले, मिशीवरून पाणी गळत होतं. म्हशी ज्यांच्या कुजबुजीला कान टवकारतात ते माझे थोरले बंधू हमसाहमशी रडत होते आणि त्यातला एक हुंदकाही मला ऐकू येत नव्हता. भोंग्याखाली सगळं बुडून जात होतं.

वरून पूर्णिमा हाताने "काय, काय" म्हणून विचारत होती. तात्यासो गॅलरीत आले होते, आणि त्यांच्या हातातली गोळी रत्नाबाई ओढून घेत होत्या. मला वाटलं, बास झालं, लोक बघायला लागले. म्हणून मी पाय वर घ्यायला गेलो.

दादांनी डोळे न उघडता हात पुढे केला, माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि खाली दाबला. मी पाय तसाच ठेवला.